यंत्रस्वर आणि माणूस : ‘रश’च्या सिंथेसायझर-पर्वाचे पुनर्मूल्यमापन

दीर्घ काळ निर्मिती करीत राहिलेल्या कलावंताच्या कारकिर्दीत बहुधा एखादे असे पर्व येते, की ज्यावरून त्याचा रसिकवर्ग दुभंगतो. एका गटाच्या मते तेथे कलावंत वाट चुकला. दुसऱ्याच्या मते त्याला खरी वाट तेथेच सापडली. कॅनडातील टोरांटो येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘रश’ या रॉक वाद्यवृंदाच्या बाबतीत असा दुभंग घडविणारे पर्व म्हणजे १९८२ ते १९८७ ही वर्षे. ‘सिग्नल्स’, ‘ग्रेस अंडर प्रेशर’, ‘पॉवर विंडोज’ आणि ‘होल्ड युवर फायर’ या अनुक्रमे १९८२, १९८४, १९८५ व १९८७ मधील चार ध्वनिमुद्रिका या पर्वात मोडतात. गिटारच्या जागी सिंथेसायझर आला, हाताच्या जागी यंत्र आले आणि माणूस मागे सरला, असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. समर्थकांनी याच गोष्टीला आधुनिकता म्हटले. दोन्ही पक्षांची चर्चा मुख्यतः वाद्यापाशी घोटाळत राहिली. ते वाद्य कोणत्या आशयाचा हात धरून आले, हा प्रश्न मागे पडला. आणि साहित्याच्या अभ्यासकाला या पर्वात रस वाटावा तो नेमका याच प्रश्नामुळे.

‘रश’ ही तिघांची संस्था. गेडी ली हा गायक, बास गिटार वाजवणारा आणि पुढे सिंथेसायझरही सांभाळणारा. ॲलेक्स लाइफसन गिटारवादक. आणि १९७४ मध्ये येऊन मिळालेला नील पिअर्ट ड्रमवादक. गीतांचे शब्द प्राधान्याने पिअर्टचे. रॉक संगीतात वाद्यवृंदाचा गीतकार त्याचा ड्रमवादक असावा ही गोष्ट विरळाच. त्यात हा गीतकार अखंड वाचणारा होता. कोलरिजच्या ‘कुब्ला खान’वरून त्याला १९७७ चे ‘झॅनडू’ सुचले. जॉन डॉस पॅसॉसच्या ‘यू. एस. ए.’ या कादंबरीत्रयीतून त्याने ‘द कॅमेरा आय’ आणि ‘द बिग मनी’ ही दोन शीर्षके उचलली. १९७६ च्या ‘२११२’ या ध्वनिमुद्रिकेवर तर लेखिका आयन रँड हिचे ऋण जाहीरपणे मान्य केलेले होते. त्या ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू व्यापणारी कथा भविष्यातील एका पुरोहितशाहीची. सर्वांची अभिरुची तीच ठरवते. तेथे एका तरुणाला जुनी गिटार सापडते, तो तिच्यातून स्वतःचे संगीत शोधतो आणि सत्ता ते चिरडून टाकते.

येथे एक बारीक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘२११२’मध्ये गिटार हे व्यक्तिस्वातंत्र्याचे प्रतीक आहे आणि संगणकांवर चालणारी व्यवस्था ही शत्रुपक्षाची खूण आहे. ज्या श्रोत्याने वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ही रूपककथा मनापासून स्वीकारली, त्याला सहा वर्षांनी ‘सिग्नल्स’च्या आरंभीच यंत्राचा दाट स्वर ऐकू आला तेव्हा आपला नायक पुरोहितांना जाऊन मिळाला असेच वाटले असल्यास नवल नाही. म्हणजे या आक्षेपाचे मूळ ‘रश’नेच निर्माण केलेल्या मिथकात होते. श्रोत्यांच्या हटवादीपणाकडे त्याचे सगळे माप टाकणे अन्यायाचे होईल.

वाद्याच्या कुळाविषयीचा संशय काही एकट्या रॉकच्या श्रोत्यांचा दुर्गुण नव्हे. पेटीला श्रुती साधत नाहीत, ती परकी आहे, या कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले होते, हे भारतीय वाचकाला आठवेल. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा ‘क्वीन’ हा वाद्यवृंद सत्तरच्या दशकात आपल्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरला नसल्याची ग्वाही अभिमानाने छापत असे. १९८० मध्ये त्यानेही ते वाद्य जवळ केले. तेव्हा प्रश्न निव्वळ शुद्धाशुद्धतेचा मानला तर तो काळाबरोबर आपोआप विरून जातो. ‘रश’च्या बाबतीत तो विरला नाही, कारण तेथे खरोखरच काही गमावले गेले होते.

काय गमावले गेले हे समजण्यासाठी थोड्या तांत्रिक तपशिलात शिरावे लागेल. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ली जो मिनीमूग वापरत असे, त्यातून एका वेळी एकच स्वर निघे. असे वाद्य फार तर एखादी सुरावट मांडते. गिटारच्या शेजारी ते पाहुण्यासारखे बसते. ‘सिग्नल्स’च्या वेळी मध्यवर्ती ठरलेला ओबरहाइम मात्र बहुस्वरी होता. अनेक पट्ट्या एकदम दाबून स्वरांचा लांबच लांब, न विझणारा पट त्यावर धरून ठेवता येई. लाइफसनच्या वादनाचे वैशिष्ट्य नेमके हेच होते. मोकळ्या तारा निनादत ठेवून तो रुंद, भरदार कॉर्ड वाजवी आणि तिघांच्या संगीतातली सगळी मधली जागा एकटा भरून काढी. आता त्या जागेवर दुसरा मालक आला. शिवाय लीचे दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतले की बास गिटार थांबे, आणि खालचे स्वर त्याला पायाखालच्या मूग टॉरस पेडलांवर वाजवावे लागत. रंगमंचावर चौथा वादक घ्यायचा नाही हा तिघांचा निर्धार होता. म्हणजे चौथा आवाज मिळाला, पण त्यासाठी तिघांपैकी एकाचे हात खर्ची पडले. त्या बास गिटारवर जीव लावलेल्या श्रोत्याची तक्रार या अर्थाने अगदी वास्तव होती. ‘सिग्नल्स’च्या मिश्रणात आपली गिटार फार खाली दाबली गेली, हे लाइफसननेही पुढे वेळोवेळी बोलून दाखवले. १९७५ पासूनचा निर्माता टेरी ब्राउन याच्याशी असलेले सहकार्य याच ध्वनिमुद्रिकेनंतर संपले.

तथापि ही झाली एक बाजू. ‘सिग्नल्स’च्या पहिल्याच गीतात, ‘सबडिव्हिजन्स’मध्ये, शब्दांच्या बाजूने काय घडले ते पाहिले म्हणजे या बदलाचा अन्वयार्थ पालटू लागतो. पिअर्टच्या आधीच्या काव्यात देवदेवता होत्या, कृष्णविवरे होती, दूरचे तारे होते. येथे प्रथमच उपनगर आले. शहर आणि माळरान यांच्या मधे आखलेले, एकसारख्या घरांचे, रात्री दिव्यांनी भूमितीतल्या आकृतीसारखे दिसणारे. जेथे शाळेच्या आवारात आणि गाड्यांच्या मागच्या आसनांवर कोण आपला आणि कोण परका हे ठरते. ली आणि लाइफसन टोरांटोच्या अशाच विलोडेल या भागात वाढले. पिअर्ट सेंट कॅथरिन्स या गावाकडचा, काही काळ वडिलांच्या शेतीयंत्रांच्या दुकानात सुटे भाग विकलेला. तिघांचे खरे अनुभवविश्व हे होते आणि आठ वर्षांच्या लेखनात त्याचा मागमूस जवळजवळ नव्हता. आता ते आले आणि त्याला साजेसा ध्वनी हवा झाला. ‘सबडिव्हिजन्स’चा सिंथेसायझर थंड, सपाट आणि रुंद आहे; घरांच्या ओळींसारखा तो स्वतःची पुनरावृत्ती करतो. त्याखाली चाल आहे सात मात्रांची. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला त्यात काही विपरीत वाटणार नाही; पण चार मात्रांवर पोसलेल्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात सात मात्रा म्हणजे पाय सतत एक पाऊल चुकल्याचा भास. आखीव रस्त्यावर न बसणारे पाऊल. पहारेदारासारखा सभोवार उभा असलेला यंत्रस्वर आणि त्यात अडखळणारी माणसाची चाल, एवढ्यावर ते गीत उभे आहे. हेच शब्द ‘२११२’च्या गिटारीवर गायले असते तर त्यातून बंडाची घोषणा झाली असती. पिअर्टला घोषणा करायची नव्हती. न मिसळणाऱ्या मुलाचे एकटेपण मांडायचे होते.

या पर्वातील यंत्रस्वर हा माणसाचा पर्याय म्हणून येत नाही, माणसावर दाब टाकणाऱ्या जगाचा आवाज म्हणून येतो. ही भूमिका सर्वाधिक सुस्पष्ट होते ती १९८४ च्या ‘ग्रेस अंडर प्रेशर’मध्ये. शीर्षकातील शब्द हेमिंग्वेने केलेल्या धैर्याच्या प्रसिद्ध व्याख्येचे. त्यांतला ‘प्रेशर’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा लागतो. ‘डिस्टंट अर्ली वॉर्निंग’ हे पहिल्या गीताचे शीर्षक शीतयुद्धाच्या काळात उत्तर ध्रुवाजवळ उभारलेल्या रडार-रांगेच्या नावावरून आले आहे. सोव्हिएत विमाने येतील तर ती कॅनडाच्या डोक्यावरून येतील, म्हणून ही रांग. एका मध्यम देशाच्या नागरिकाला महासत्तांच्या भांडणात स्वतःच्या आभाळाविषयी वाटणारी भीती त्यात आहे. आणि तिच्या मध्येच बंडखोर मुलासाठी आकांत करणाऱ्या दाविद राजाची, अबशालोमच्या कथेची, आठवण येते. दुसरे गीत ‘आफ्टरइमेज’ हे ध्वनिमुद्रणशाळेतील एका तरुण सहकाऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतरचे. इतके उघडे, अलंकरण नाकारणारे शोकगीत पिअर्टने त्यापूर्वी लिहिले नव्हते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. मर्ढेकरांच्या विचारांचा विषय अर्थातच वेगळा होता. परंतु त्यांची परिभाषा येथे उपयोगी पडते. १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’पर्यंत तिन्ही वाद्यांत संवादलय होती, एकाने म्हटलेले दुसरा उचलून धरी. ‘सिग्नल्स’मध्ये तो संवाद मोडला, पण त्याच्या जागी दुसरे काही पुरते बसले नाही. ‘ग्रेस अंडर प्रेशर’मध्ये विरोधलय सिद्ध झाली. लाइफसनने आपली भाषाच बदलली. रुंद कॉर्ड सोडून तो वरच्या पट्टीत, तुटक, धारदार, प्रतिध्वनीत भिजवलेले आघात करू लागला. सिंथेसायझर भिंत असेल तर गिटार तिच्यावर ओढलेला ओरखडा. ‘बिट्वीन द व्हील्स’ या अखेरच्या गीतात तर ही झुंज जवळजवळ उघड्यावर होते. पट्ट्यांचे जड, घड्याळी ठोके एका बाजूला, आणि त्यांना न जुमानता वर चढत जाणारी एकट्या गिटारीची दीर्घ फिर्याद दुसऱ्या बाजूला. हे ऐकल्यावर गिटार हद्दपार झाली असे म्हणणे कठीण आहे. तिचे राज्य गेले, हे खरे. परंतु संगीतातील तिची नाट्यमयता त्यानंतरच वाढली.

याच ध्वनिमुद्रिकेतील ‘द बॉडी इलेक्ट्रिक’ हे गीत शीर्षकातून व्हिटमनचे आणि रे ब्रॅडबरीचे स्मरण करून देते. त्याचा नायक एक यंत्रमानव आहे. वाळवंटात तो पळतो आहे आणि त्याची शक्ती संपत आली आहे. माणूस होण्याच्या काठावर तो यंत्रांच्या आदिमातेची करुणा भाकतो. गीताच्या ध्रुवपदात एक आणि शून्य यांची एक माळ पुन्हा पुन्हा म्हटली जाते. संगणकाच्या प्रमाण संकेतावलीत ती अंकमाला इंग्रजीतल्या ज्या अक्षराची आहे, ते अक्षर म्हणजेच त्या भाषेतील ‘मी’ होय. पिअर्टने हे योजून केले असो वा नसो, यंत्राच्या लिपीत ‘मी’ उच्चारण्याचा हा आटापिटा या सबंध पर्वाच्या मर्मस्थानी आहे. ‘२११२’मध्ये यंत्र शत्रुपक्षाचे होते. आठ वर्षांनंतर कवीची सहानुभूती यंत्राच्या पोटात शिरली.

आणि या पर्वाचा निकाल ज्या एका गीतावर लावावा ते म्हणजे ‘रेड सेक्टर ए’. शीर्षक तसे निरुपद्रवी आहे. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘कोलंबिया’ या अंतराळयानाचे पहिले उड्डाण पाहायला हे तिघे गेले असता ज्या आवारातून त्यांनी ते पाहिले, त्याचे हे नाव. ‘सिग्नल्स’मधील ‘काउंटडाउन’ हे गीत त्याच प्रसंगावरचे, यंत्राविषयीच्या निर्भेळ कौतुकाचे. तेच नाव दोन वर्षांनी एका छळछावणीला मिळाले. गेडी लीचे आईवडील पोलंडमधील ज्यू. नाझी छावण्यांतून दोघेही वाचले. आई बर्गेन-बेल्सन येथून आणि वडील डाखाऊ येथून मुक्त झाले, आणि पुढे दोघे कॅनडात आले. आईच्या उच्चारांत ‘गॅरी’चे ‘गेडी’ होई, म्हणून मुलाचे नाव गेडी. १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैनिक छावणीत आले तेव्हा तिचा विश्वास बसेना. बाहेर जग उरलेच असते तर त्याने आपल्याला इतके दिवस येथे राहू दिले असते काय, आपण तेवढेच या पृथ्वीवर शिल्लक असणार, अशी तिची समजूत झाली होती. मुलाने ही आठवण पिअर्टला सांगितली आणि त्यातून हे गीत आले.

पिअर्टने त्यात स्थळ वा काळ यांचे नाव घेतलेले नाही, कोणत्याही समाजाचा उल्लेख केलेला नाही. उत्तमपुरुषी निवेदन आहे, आणि ते एका साध्या, थकलेल्या माणसाचे आहे. तो जगण्याचा हिशेब ठेवतो, आजारी आईला सांभाळतो, आणि दार उघडते तेव्हा आनंद करावा की संशय घ्यावा हे त्याला कळत नाही. या शब्दांना संगीत काय द्यावे? रॉकच्या परंपरेत दोन सोप्या वाटा होत्या : क्रोधाने फुटणारी गिटार किंवा करुणेने भरलेले तंतुवाद्य. ‘रश’ने दोन्ही टाळल्या. यंत्राने चालविलेली, न थकणारी, न बदलणारी एक स्पंदनमालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत राहते. पिअर्ट विद्युत् ड्रमांवर आहे. ली बास गिटार हातात घेतच नाही. ज्या वाद्यावर या माणसाची ओळख उभी, तेच त्याने आपल्या आईच्या गोष्टीत खाली ठेवले. या मौनाचा अर्थ चाहत्यांच्या वादात हरवला. छावणी ही अपघाताने घडलेली क्रूरता नव्हती. याद्या, वेळापत्रके, रुळांवरच्या गाड्या यांच्या साहाय्याने चाललेला तो एक उद्योग होता, आणि त्याची भीषणता त्याच्या नियमितपणात होती. न थकणारी ती स्पंदनमालिका हा नियमितपणा ऐकवते. तिच्यावर माणसाचा गळा चढवून ठेवलेला आहे, तिच्यात विरघळवलेला नाही. गिटारचे अधूनमधून येणारे तीक्ष्ण स्वरही तिची गती बदलू शकत नाहीत. गीत संपते तेव्हाही सुटका झाल्यासारखे वाटत नाही, आणि हीच त्याची सचोटी आहे.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागेल. असे नृत्ययोग्य स्पंदन इतक्या दारुण विषयाला शोभते काय? श्रोत्याची पावले त्यावर हलतात आणि मग तो लज्जित होतो. परंतु ही लज्जा गीताच्या परिणामातच अंतर्भूत आहे असे मानावयास जागा आहे. हे गीत दूर उभे राहून हळहळण्याची सोय देत नाही. १९७८ मध्ये रँडच्या प्रभावावरून लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने या तिघांवर फॅसिझमचा शिक्का मारला होता. छावणीतून वाचलेल्या दांपत्याच्या मुलाला तो कसा लागला असेल हे सांगायला नको. त्याला दिलेले उत्तर म्हणून ‘रेड सेक्टर ए’ लिहिले गेले असे म्हणण्यास आधार नाही. मात्र रँडच्या एकांड्या, स्वयंपूर्ण नायकाला या छावणीत काहीही करता आले नसते, हे पिअर्टला १९८४ पर्यंत उमगले होते, एवढे या शब्दांवरून निश्चित दिसते.

‘पॉवर विंडोज’ ही १९८५ ची ध्वनिमुद्रिका या पर्वातील सर्वांत ऐश्वर्यशाली. निर्माता पीटर कॉलिन्स, यंत्रस्वरांच्या रचनेसाठी अँडी रिचर्ड्स, तंतुवाद्यांच्या संयोजनासाठी ॲन डडली, ‘मॅरॅथॉन’साठी गायनवृंद, तिघांच्या घरात एवढी पाहुणेमंडळी पूर्वी कधी जमली नव्हती. विषय आहे सत्तेच्या निरनिराळ्या रूपांचा : पैसा, राष्ट्र, अणुशक्ती, भावना. ‘द मॅनहॅटन प्रॉजेक्ट’ पिअर्टने बरेच वाचन करून लिहिले. शास्त्रज्ञ, वैमानिक यांच्या नजरांतून ते १९४५ कडे पाहते आणि निवाडा देत नाही. तेथे लष्करी ड्रमवर तंतुवाद्यांची दाट लाट चढते तेव्हा ऐश्वर्याचे समर्थन होते. इतिहासाची गती इतकी मोठी आहे की व्यक्ती तिच्यात ठिपक्याएवढी दिसावी. ‘मिडलटाउन ड्रीम्स’ याहून लहान आणि कदाचित याहून चांगले आहे. छोट्या गावात अडकलेल्या, दुसऱ्या आयुष्याची स्वप्ने पाहणाऱ्या माणसांची ती चित्रमालिका. त्यातील एकामागे शेरवुड अँडरसन उभा असल्याचे पिअर्टने सांगितले आहे. ओहायोतील धंदा सोडून शिकागोला गेलेला आणि ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ लिहिणारा तोच अँडरसन. या गीतात सिंथेसायझर प्रथमच दाब टाकण्याचे सोडून स्वप्नांचा उजेड होतो. क्षितिजावरून येऊन न थांबता निघून जाणारा उजेड. वाद्य तेच, कार्य उलटे.

येथपर्यंत समर्थन करता येते. ‘होल्ड युवर फायर’पाशी ते थांबवावे लागते. विषय अंतःप्रेरणेचा, म्हणजे आतला. आणि त्याला दिलेला ध्वनी सर्वांगाने बाहेरून चमकवलेला. गीते सुबक आहेत. ‘टाइम स्टँड स्टिल’मध्ये एमी मॅनच्या आवाजाची साथ मोहक आहे, आणि त्या गीतातली काळाला थोपवण्याची विनवणी पोकळ मुळीच नाही. परंतु बहुतेक ठिकाणी यंत्रस्वर आणि गिटार यांच्यात ना संवाद उरतो ना विरोध. दोघे एकमेकांना शिष्टाचाराने जागा देत राहतात. मर्ढेकरांच्या परिभाषेत याला समतोल म्हणण्याचा मोह होईल, पण समतोलाला दोन वजने लागतात. चीनच्या सायकलप्रवासात पिअर्टने चढलेल्या पर्वतावरचे ‘ताइ शान’ तर पौर्वात्य बासरीच्या कृत्रिम स्वरांमुळे पर्यटनस्थळाच्या भेटकार्डासारखे झाले आहे. पुढे लीनेही त्याची गणना आपल्या चुकांत केली. वाद्य अलंकार झाले की ते अनावश्यक होते, हा नियम येथे विरोधकांच्या बाजूने लागू पडतो. मात्र दोष त्या वाद्याचा असता तर तो ‘रेड सेक्टर ए’मध्येही दिसला असता.

त्यानंतर त्रयी हळूहळू मागे फिरली. १९८९ च्या ‘प्रेस्टो’त पट्ट्यांचे वजन कमी झाले, १९९३ च्या ‘काउंटरपार्ट्स’मध्ये गिटार पुन्हा पुढे आली, आणि २००२ च्या ‘व्हेपर ट्रेल्स’मध्ये सिंथेसायझर मुळीच नव्हता. मधल्या काळात १९९७ मध्ये पिअर्टची मुलगी आणि १९९८ मध्ये पत्नी गेली होती; त्या दुःखातून उठून केलेली ही ध्वनिमुद्रिका भाविकतेने ऐकली गेली. तिचे दैव असे की यंत्रवाद्य टाळूनही ती यंत्राच्याच हातून जखमी झाली. ध्वनीची पातळी प्रमाणाबाहेर चढवल्याने तिचे स्वर फाटले, आणि २०१३ मध्ये संपूर्ण मिश्रण नव्याने करून ती पुन्हा प्रसिद्ध करावी लागली. हाताने वाजवलेले ते मानवी आणि पट्ट्यांवरचे ते यांत्रिक, ही विभागणी किती कामचलाऊ आहे याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

लाइफसनच्या तक्रारीला मात्र उत्तर नाही, आणि ते शोधूही नये. आपल्याच घरात आपली जागा आक्रसत गेल्याचे त्याने सोसले. या पर्वातील उत्तमोत्तम गिटारवादन त्या सोसण्यातून निघाले हे समीक्षकाला दिसते. पण म्हणून त्याने ते आनंदाने सोसायला हवे होते असा निष्कर्ष निघत नाही. कलाकृतीचे मोल आणि ती घडताना कोणी काय गमावले याचा हिशेब, या दोन वेगळ्या वह्या आहेत.

२०१२–१३ च्या दौऱ्यात या तिघांनी त्या पर्वातील अनेक गीते पुन्हा सादर केली, आणि कार्यक्रमाच्या मोठ्या भागात प्रत्यक्ष तंतुवादकांचा ताफा सोबत घेतला. १९८५ मध्ये ‘द मॅनहॅटन प्रॉजेक्ट’मागे जी लाट होती तिला आता हात आणि गज मिळाले. एकेकाळी ही गीते सुरू झाली की उठून जाणारे श्रोते आता ती उभे राहून ऐकत होते; वयाचाही त्यात वाटा असेल.

‘सिग्नल्स’मधील एक गीत मात्र तेव्हाही बाहेरच राहिले. ‘लूझिंग इट’ हे ते गीत. पाय साथ देईनासे झालेली नर्तकी आणि कोऱ्या कागदापुढे बसलेला, पूर्वीचे शब्द न सापडणारा लेखक, अशी दोन व्यक्तिचित्रे त्यात आहेत. लेखकाच्या चित्रामागे हेमिंग्वेची अखेरची वर्षे आहेत. ध्वनिमुद्रणात बेन मिंकचे विद्युत् व्हायोलिन आहे. पिअर्टने हे शब्द लिहिले तेव्हा त्याने वयाची तिशीही गाठली नव्हती. तेहतीस वर्षे हे गीत रंगमंचावर आले नाही. ते प्रथम सादर झाले २०१५ च्या दौऱ्यात, जेव्हा ड्रम वाजवणे पिअर्टच्या शरीराला दिवसेंदिवस अवघड होत चालले होते आणि त्याने थांबायचे ठरवले होते. त्या वर्षी १ ऑगस्टला लॉस एंजेलिस येथे तिघांचा शेवटचा कार्यक्रम झाला. २०२० च्या जानेवारीत पिअर्ट वारला.